सरावाचा पेशंट

थोरलीने खुर्ची ओढून भिंतीला टेकवली, तिचं तोंड दाराकडे केलं आणि धाकट्या भावाला तिच्यावर बसवलं.

"पाठ दाराकडे असली की बरेच माजी सैनिक मोकळेपणाने बोलत नाहीत," ती जमलेल्या डॉक्टरांना म्हणाली. "आधी खुर्ची बघा, मग पेशंट."

"आणि पेशंट आलाच नाही तर घरून पकडून आणा," भाऊ म्हणाला. सगळे हसले.

ते खरंच होतं. सरावासाठी पेशंट होणारा नट सकाळी तापाने आडवा झाला होता आणि ऐनवेळी तिला भावाशिवाय कोणी सुचलं नाही. तो सैन्यात होता, त्यामुळे सोंग आणायचाही प्रश्न नव्हता. ती स्वतः छातीच्या विकारांची नावाजलेली डॉक्टर. सैन्यात राहून आलेल्यांना कसं तपासायचं, हे शिकवायला तिला दूरदूरची हॉस्पिटलं बोलवत. पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तशातली गत. घरी भाऊ रात्रंदिवस खोकायचा, जिन्यात मध्येच थांबून बुटाची नाडी बांधत बसायचा, आणि तपासून घे म्हटलं की ताकास तूर लागू द्यायचा नाही. मग ती चिडून त्याच्या सिगारेटवर घसरायची. तो हसून गच्चीत निघून जायचा.

नटासाठी तिने लिहिलेली गोष्ट त्याने चहा पिता पिता वाचली होती. स्फोट, कानात सतत शिट्टी, झोपेत दचकून उठणं. "बरी आहे," एवढंच म्हणाला होता.

एकेक डॉक्टर दार वाजवून आत जात होता. बाकीचे शेजारच्या खोलीतून काचेपलीकडचं बघत, ऐकत होते. पहिल्या दोघांनी युद्धाबद्दल विचारलं आणि भावाने पढवलेल्या पोपटासारखा स्फोट सांगितला. दुसऱ्या वेळी तर हातवारेही केले. नाटकी कुठला, असं पुटपुटत थोरलीने कपाळावर हात मारला.

तिसरी एक चष्मेवाली तरुण डॉक्टर होती. तिने स्वतःचं नाव सांगितलं, बसली, आणि घाबरून पुढचं सगळं विसरली. शेवटी थोरलीच्या सकाळच्या व्याख्यानातलं जे आठवलं ते तिने विचारलं.

"तिकडे रोजचं काम काय होतं तुमचं?"

याचं उत्तर गोष्टीत लिहिलेलंच नव्हतं.

"कचरा जाळायचो," तो म्हणाला. "छावणीच्या मागे मोठा खड्डा होता. प्लास्टिक, रंगाचे डबे, बॅटऱ्या, दवाखान्यातल्या पट्ट्या, जे येईल ते. वरून तेल ओतायचं आणि बांबूने ढवळत उभं राहायचं."

"तोंडाला काही बांधायचात?"

"रुमाल. संध्याकाळी काळा व्हायचा. धुवायचा, पुन्हा तोच."

"आता दम लागतो?"

"लागतो. जिन्यात लागतो. आडवं झालं की जास्त. बसूनच झोपतो हल्ली."

"घरी माहीत आहे हे?"

"घरी?" तो हसला आणि त्याला ठसका लागला. "बहीण चारचौघांत सांगते, माझा भाऊ आघाडीवर होता. इतक्या कौतुकाने सांगते हो. तिला काय सांगू, मी उकिरडा पेटवत होतो?"

काचेअलीकडे कोणीतरी कुजबुजलं, "काय अफलातून करतायत! मॅडम, हे त्यांना तुम्ही लिहून दिलंत?"

थोरलीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने काचेकडे पाठ केली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जो प्रश्न ती गावोगाव शिकवत फिरत होती, तो तिने घरात एकदाही विचारला नव्हता. घरात तिचा एकच प्रश्न असे, दिवसाला किती ओढतोस?

तिने सगळ्यांना चहाला पाठवलं आणि आत गेली. भाऊ उठून शर्ट नीट करत होता.

"जमलं का गं?"

"उद्या माझ्याबरोबर चल. छातीचा फोटो काढू, श्वासाची तपासणी करू."

"कशाला? नाटक होतं ते."

"मला का नाही सांगितलंस?"

"झालं तुझं सुरू, ताई?" त्याचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा बंद झाला. "तू विचारतेस की रागावतेस, तेच कळत नाही मला. ती पोरगी बघ. बाहेरून आली, नाव सांगितलं, शांत बसली. माणसाला बोलावंसं वाटतं."

रागाने तिच्या ओठांवर आलं होतं, ती पोरगी परकी आहे म्हणून. ते तिने गिळलं. भाऊ खाली मान घालून पुन्हा खुर्चीत बसला होता, आणि एवढ्या बोलण्यानेही त्याची छाती वरखाली होत होती.

ती बाहेर गेली आणि तिने दार लावून घेतलं. व्हरांड्यात कप घेऊन उभे असलेले डॉक्टर तिच्याकडे बघायला लागले. चष्मेवाली तर, आपलं काही चुकलं की काय, अशी कावरीबावरी झाली. थोरलीने कोणाकडेच बघितलं नाही. तिने दार वाजवलं.

आतून आधी खोकल्याची उबळ ऐकू आली. ती थांबेपर्यंत थोरली तशीच उभी राहिली.

"या डॉक्टर," तो म्हणाला.