न धुतलेले पिंप

मी एक जुने लाकडी पिंप आहे आणि साऱ्या आयुष्यात मला एकदाच धुतले गेले आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. आमच्या गावात, म्हणजे पूर्व फिनलंडच्या तळ्यांच्या मुलखात, कणकेचे पिंप धुवायचे नसतेच. राय नावाच्या काळपट धान्याचे पीठ माझ्यात भिजवतात. ते आंबले की त्याच्या जाड भाकरी भट्टीत जातात आणि माझ्या अंगाला जी खरवड उरते, ती तशीच वाळू देतात. पुढच्या आठवड्यात तिच्यावर कोमट पाणी पडले की ती जागी होते. तेच आमचे विरजण. तुम्ही ज्याला मळ म्हणाल, तो माझा जीव आहे. एकदा तो जीव गेला, तेव्हा काय झाले, ते सांगण्यासाठी मी आज तोंड उघडले आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या हिवाळ्यात आरेत्ती नावाच्या शेतकऱ्याने मला घडवले. लोविसाशी त्याचे लग्न ठरले होते. त्याने पाईनच्या फळ्या तासल्या, त्यांना पट्टे आवळले आणि दोन फळ्या उंच ठेवून त्यांना भोके पाडली. ते माझे कान. कानांतून दांडा घालून दोघांनी मला उचलायचे, असा त्याचा बेत होता. लोविसा सासरी आली तेव्हा तिच्या आईने रुमालात वाळल्या कणकेचा एक गोळा बांधून दिला होता. तो तिच्या आईला तिच्या आईकडून मिळाला होता. म्हणून माझे लाकूड नवे असले, तरी माझ्यातला जीव फार जुना होता.

लग्नाला वर्ष झाल्यावर लोविसा एकदा म्हणाली, "गळत नाही हो तुमचं पिंप." आरेत्ती आठवडाभर खुशीत होता. आमच्याकडची स्तुती याहून लांब नसते. माणसे वाईट नाहीत हो, पण शब्द म्हणजे जणू हिवाळ्यासाठी साठवलेला चारा, असे जपून वापरतात.

त्यांना एकच मुलगी, हेल्वी. पाच वर्षांची असल्यापासून ती स्टुलावर उभी राहून माझ्यात कोपरापर्यंत हात घालायची. रायचे पीठ मोठे चिवट असते.

"आई, हे पीठ माझा हातच सोडत नाही गं!" ती रडकुंडीला यायची.

"मग तूही सोडू नकोस. मळत राहा. झालं की ते आपण होऊन सोडतं."

हात स्वच्छ सुटून आला की पीठ झाले, ही आमच्याकडची खूण. लोविसा तेच वाक्य बटाटे काढताना म्हणायची, हेल्वी अक्षरे गिरवताना रडली तरी म्हणायची. भाकरी ताटात पालथी पडलेली तिला चालत नसे. "कुणी निजवलं तिला अशी? सरळ कर आधी," म्हणून ती ओरडायची. पहिली भाकरी दारात येईल त्याची, मग तो पोस्टमन असो की भांडकुदळ शेजारी. शेवटी माझ्या कडा खरवडून मुठीएवढी भाकरी व्हायची. ती हेल्वीची. गरमागरम फोडून तिच्यात लोणी घालून ती पायरीवर बसून खायची.

"सगळं खरवडू नकोस," लोविसा बजावायची. "थोडं पिंपाला राहू दे. घेताना सगळंच घेतलं, तर उद्या काय?"

हेल्वी सतरा वर्षांची झाली आणि एका हिवाळ्यासाठी तालुक्याच्या गावी गृहिणींच्या शाळेत गेली. परत आली ती पांढरा एप्रन, एक वही आणि यीस्टची पुडी घेऊन. तोवर लोविसाच्या बोटांचे सांधे सुजू लागले होते. पीठ मळून झाले की ती हात काखेत दाबून उभी राहायची. हेल्वी ते बघत होती. जून महिन्यात लोविसा बहिणीच्या बाळंतपणाला चार दिवस गेली, तेव्हा पोरीने ठरवले की आईला आता या जुन्या पिंपाशी झटायला लावायचे नाही. पुडीतल्या यीस्टची भाकरी झटपट होईल आणि आईच्या बोटांना आराम पडेल.

तिने मला अंगणात नेले. माझ्यात उकळते पाणी ओतले, सोडा घातला आणि ताठ ब्रशने दिवसभर घासले. तिचे हात लाल झाले, पण ती गात होती. मित्रांनो, मला राग आला का, असे विचाराल तर नाही आला. इतक्या मायेने मला आरेत्तीनेही तासले नव्हते. पण प्रत्येक पाण्याबरोबर पणजीच्या पणजीपासून आलेले काहीतरी गवतात वाहून जात होते आणि मला ओरडता येत नव्हते.

लोविसा घरी आली. मी उन्हात पांढरेफटक उभे होते. तिने वाकून माझ्यात तोंड घातले आणि वास घेतला. बराच वेळ तिने डोके वर काढले नाही. आरेत्ती काही बोलणार होता, तिने नजरेनेच त्याला गप्प केले.

"छान उजळलंय," ती हेल्वीला म्हणाली.

पुडीच्या यीस्टची भाकरी फुगली, पण तिला चव नव्हती आणि चौथ्या दिवशी तिला बुरशी आली. आरेत्तीने घास ताकाबरोबर मुकाट गिळला. हेल्वीचा चेहरा उतरत गेला. आपण काय करून बसलो, हे तिला कळले होते. पण कुणी तिला रागावेना. रागावले असते तर फार बरे झाले असते.

रविवारी मायलेकींनी माझ्या कानांत दांडा घातला आणि मला तळ्यापलीकडे मिनाच्या घरी नेले. विरजण मागायला पिंपच न्यायचे असते. मिना लोविसाच्या बरोबरीची, जिभेने तिखट. हेल्वी शरमेने ओसरीवरच थांबली. आत मिनाने कॉफी विचारली. लोविसाने रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटले आणि तिसऱ्यांदा कप घेतला. मग मिनाने माझ्यात डोकावले.

"अगं बाई! घरचं विरजण म्हणजे घराची अब्रू. ती धुऊन पुसून आलीस की काय?"

लोविसाने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "झालं खरं तसं."

ओसरीवर पावले वाजली. हेल्वी पळत तळ्याकडे गेली होती. तिने एवढेच ऐकले. मी मात्र तिथेच होते, म्हणून पुढचेही ऐकले.

"पण मिना," लोविसा म्हणाली, "माझी बोटं दुखू नयेत म्हणून पोरीनं दिवसभर घासलं गं ते. मला आजवर इतकं कुणी जपलं नव्हतं."

"मग हे तिला सांग की, मला काय सांगतेस!"

"तिला काय सांगायचं? तिला ठाऊकच असणार."

तिला ठाऊक नव्हते. मिनाच्या विरजणाने माझ्यात पुन्हा जीव आला, पण हेल्वीने मला पुन्हा हात लावला नाही. "ये, जरा मळू लाग," लोविसा म्हणायची, तर हेल्वीला नेमके गाईचे काम निघायचे. आईला वाटले, शाळा शिकलेल्या पोरीला आता याची गोडी राहिली नाही. लेकीला वाटले, आईच्या मनातली अढी गेली नाही. दोघी एकाच ताटातली भाकरी मोडायच्या आणि मी चुलीजवळ ते शब्द पोटात घेऊन बसलेले. तीन वर्षांनी हेल्वी स्वीडनला, गोटेनबर्गच्या सूतगिरणीत कामाला गेली.

पत्रे यायची आणि जायची. त्यांत गवत असे, हवा असे, गाईची तब्येत असे. दर ख्रिसमसला लोविसा एक भाकरी कापडात शिवून पाठवायची. उत्तर यायचे, "भाकरी पोचली. आभार." त्या ओळीवरून लोविसा अंगठा फिरवायची.

आरेत्ती गेला. गाय विकली. दुकानाची गाडी दारात कापलेला पाव आणू लागली. माझे पट्टे सैल झाले, तरी लोविसा सुजल्या बोटांनी महिन्यातून एकदा का होईना मळत राहिली. मग तिला वृद्धाश्रमात जायची वेळ आली. आदल्या दिवशी तिने शेवटचे पीठ आंबवले, पण भट्टी पेटवली नाही. सगळी कणीक तिने माझ्या अंगाला लिंपली, अंगठ्याएवढी जाड. वर बोटाने क्रूस काढला. वाळल्यावर माझ्यावर स्वच्छ कापड बांधले, दांडा धरायला दुसरे कुणी नव्हते म्हणून मला ढकलत ढकलत कोठारात नेले आणि कापडावर चिठ्ठी टाचली. चिठ्ठीवर एकच शब्द होता: हेल्वी.

मी सहा हिवाळे अंधारात काढले. उंदरांची खुडबुड ऐकली. वाटायचे, आता माझे सरपण होणार.

लोविसाला पुरून आल्यावर हेल्वी घर आवरायला आली. मिना लोविसाच्याही आधी वारली होती, त्यामुळे ते शब्द सांगणारे कुणी नव्हते. हेल्वीने चिठ्ठी वाचली, कापड सोडले आणि तिचा हात त्या जाड थरावर थांबला. आपण ज्याचे सगळे धुऊन टाकले, ते आईने काठोकाठ भरून आपल्याच नावाने ठेवले आहे, हे तिला समजले. पंचावन्न वर्षांची ती बाई माझ्या काठावर कपाळ टेकून लहान मुलीसारखी रडली.

तिने कोमट पाणी आणले. पहिल्या दिवशी काही हालले नाही. दुसऱ्या दिवशी आंबूस वास आला आणि एक बुडबुडा फुटला. मग तिने कोपरापर्यंत हात घातले. बऱ्याच वेळाने तिचा हात स्वच्छ सुटून आला.

"आई, सोडलं गं!" ती मोठ्याने म्हणाली आणि तिने वळून पाहिले. घरात कुणी नव्हते. खरवडीची छोटी भाकरी हातात घेऊन ती पायरीवर बसली. तिला ती एकटीला खाववेना.

आता मी गोटेनबर्गला तिच्या स्वयंपाकघरात असते. दर शनिवारी ती माझ्यात पीठ मळते. मला कुणी धूत नाही. पण लोविसा मिनाला जे बोलली, ते अजून माझ्यापाशीच आहे. हेल्वीचे हात माझ्यात असतात तेव्हा माझी प्रत्येक फळी ते सांगू पाहते आणि लाकडाला वाचा नसते.

मित्रांनो, तुम्हाला वाचा आहे. जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगेनच, माझा स्वार्थ आहे त्यात. पण घरातल्या कुणाबद्दल काही चांगले शेजाऱ्याजवळ बोलला असाल, तर आजच घरी जा आणि ते ज्याचे आहे त्याला सांगा. त्याला ठाऊकच असेल, असे म्हणू नका. लोविसाही तसेच म्हणाली होती.