हौद्याचा पत्रा

दुकानदार पिकअपच्या हौद्यात चढला आणि चपलेची टाच त्याने नेमकी त्या खोलगट जागेवर दाबली. पत्रा आधी कुरकुरला, मग रिकाम्या डब्यावर थाप पडावी तसा ठण्णकन वाजला.

“हा पोचा मिस्त्रींचा,” तो म्हणाला. “दगडी उंबरा उतरवताना हातातून निसटला होता. पाच मिनिटं उंबराच तपासत बसले, टवका उडालाय का म्हणून. पत्रा चेपलाय हे मलाच सांगावं लागलं.”

ती खाली, उघड्या फाळक्याशी उभी होती. वडिलांविषयी कुणी काही सांगू लागले की आपण कुठे बघायचे, हे तिला अजून जमले नव्हते. ती पत्र्याकडे बघत राहिली. सगळा हौदा ओरखड्यांनी भरला होता. बरेचसे जुने, गंजाने तांबूस झालेले. काही गेल्या सात महिन्यांतले, तिचे स्वतःचे, अजून चकचकीत.

“तेव्हाच म्हटलं होतं, हौद्याला आतून लायनर बसवून घ्या. दरवाजे आरशासारखे पॉलिश करता आणि नेताना उघड्या पत्र्यावर टाकता. तर म्हणाले, जुनी ब्लँकेटं आहेत की! तीनदा म्हटलं मी. तिसऱ्यांदा मला चहा पाजला आणि विषय बदलला.”

“तसंच करायचे ते.”

“तुम्ही आलात, बरं केलंत ताई. सुबुद्धी घरात शिरली, उशिरा का होईना.”

ती हसली, तीही उशिरा.

आत टेबलावर त्याने तीन नमुने मांडले. पहिला म्हणजे हातभर पत्र्याचा तुकडा, त्यावर काळा खरखरीत थर. “हा फवाऱ्याचा. आधी सगळं घासून काढायचं. गंज, रंग, ओरखडे, सगळं. पत्रा कोरा करायचा आणि मग मारायचं. गाडी भंगारात जाईल, पण हा थर जाणार नाही.”

तिने तुकड्यावरून बोट फिरवले आणि तो परत ठेवला.

“हे प्लास्टिकचं. टबासारखं अख्खं बसतं. दिसायला झकास. पण खाली पाणी शिरलं की तिथंच राहतं. आतून गंजत जातं आणि वरून सगळं छान. आमच्या मेव्हण्याच्या संसारासारखं.”

तिसरा नमुना रबरी चटईचा होता, बोटभर जाड. त्याने ती टेबलावर टाकली, पण काही पडल्याचा आवाज झाला नाही.

“वाजणं कशाने थांबेल?” तिने विचारले.

“म्हणजे?”

“तो पत्रा. यातलं काय बसवलं की तो वाजणार नाही?”

दुकानदाराने कानामागची पेन्सिल काढली आणि तशीच हातात धरली. “लोक ओरखड्यांचं विचारतात, गंजाचं विचारतात, गॅरंटी तर सगळेच विचारतात. आवाजाचं विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या.”

एका गिऱ्हाइकाच्या दरवाजाला चरा पडला, हे येताना ठरवलेले कारण होते आणि ते खोटेही नव्हते. खरे कारण दुसरे होते.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक होता. रोज संध्याकाळी वडिलांच्या वर्कशॉपला कुलूप लावून ती गाडी घेऊन वळायची आणि त्यावरून जाताना पत्रा वाजायचा. गाडी घराशी थांबेपर्यंत दारावरचा दिवा लागलेला असायचा, कडी निघालेली असायची आणि आई दारात उभी असायची. वडील होते तेव्हाही असेच चालायचे म्हणे. तिने ते पाहिले नव्हते. ती तेव्हा परगावी नोकरीला होती, सणावारी यावे तशी यायची आणि जायची.

वडील गेल्यावर तिने पहिल्यांदा गाडी घरी आणली, त्या संध्याकाळी आई ओल्या हातांनी धावत बाहेर आली होती. “आले वाटतं,” असे तिच्या तोंडून निघून गेले होते. तिने लेकीच्या खांद्यावरून गाडीकडे बघितले होते, मग हात पुसत आत गेली होती. त्यावर दोघी कधीच काही बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून रोज पत्रा वाजे, रोज कडी निघे आणि रोज आई तिच्या खांद्यावरून मागे, गाडीकडे बघे. लेकीला वाटे, आपण रोज बाबांना दारापर्यंत आणून सोडतो आणि तिथे ते पुन्हा एकदा जातात. दोन दिवस तिने गाडी मोठ्या रस्त्यावर लावून चालत येऊन पाहिले, तर “गाडी बिघडली का?” म्हणून आईने पिच्छा पुरवला.

“मग रबरच,” दुकानदार म्हणाला. “फवाऱ्याने पत्रा गप्प बसत नाही. प्लास्टिक स्वतःच खडखडतं. ही मात्र नुसत्या वजनाने त्याचं तोंड दाबेल.”

“हीच बसवा. चिकटवून.”

“हिला चिकटवत नाहीत हो. मधूनअधून उचलून खालून धुवायची असते.”

“चिकटवा. पूर्ण.”

त्याने तिच्याकडे एकदा नीट बघितले. “मिस्त्रींची मुलगी शोभता,” असे पुटपुटत तो रबराच्या सोल्यूशनचा डबा आणायला गेला.

काम दोन तास चालले. ती बाहेर स्टुलावर बसून राहिली. त्याने चटई चाकांच्या उंचवट्यांभोवती कापून बसवली, ब्रशने सोल्यूशन फासले आणि पुढून मागे, गुडघ्यांनी दाबत दाबत, ती उलगडत आणली. तांबूस ओरखडे हातभर हातभर करून काळ्या रबराखाली गेले. शेवटची पट्टी उरली तेव्हा तिला फोनमध्ये काहीतरी बघायचे आठवले.

“उद्या सकाळपर्यंत हौद्यात काही टाकू नका,” त्याने बजावले. “ओलं आहे तोवर सुटून येईल. एकदा सुकलं की पत्रा निघेल, पण रबर निघायचं नाही.”

गतिरोधकावर ती नेहमीसारखीच गाडी अगदी हळू करून तिरकी चढली. आधी एक चाक, मग दुसरे. पत्र्यातून हूं की चूं आले नाही. तिने सुस्कारा टाकला.

घर काळोखात होते. दारावरचा दिवा लागलेला नव्हता. तिने दार ढकलले, तर आतून कडी. चालत आलेले ते दोन दिवस सोडले तर सात महिन्यांत पहिल्यांदाच तिला स्वतःच्या घराची कडी वाजवावी लागली.

“कोण?”

“मी गं.”

आईने दार उघडले आणि खोलीतल्या अंधारातच भिंतीला हात लावत खिडकीजवळच्या खुर्चीकडे परतली. लेकीने बटण शोधून दिवा लावला.

“अशी अंधारात काय बसलीस?”

“मला काय हौस आहे? तुझा आवाज आला की उठते, मग दिवाबत्ती. आज आलाच नाही. कधीची कान लावून बसलेय. म्हटलं, पोरगी अडकली कुठेतरी.”

“गाडीचा आवाज.”

“गाडीचा नाही, तुझा.”

ती चपला काढता काढता थांबली. “आई, तो आवाज तर बाबांचा…”

“यांचा कुठला?” आई म्हणाली. “हे एकदाच वाजायचे. तिथे गतिरोधक आहे हे यांनी कधी मान्यच केलं नाही. एकदम उडवायचे गाडी. ठण्ण, की आलेच. तू भित्री. आधी एक चाक चढवतेस, मग विचार करून दुसरं. दोनदा वाजतेस.” मग तिने पुढे सांगितले, “पहिल्या दिवशी फसले मी. नळ चालू होता, एकच ऐकू आला. तेवढंच.”

“मग रोज माझ्या मागे काय बघतेस? गाडीकडे?”

“दिवे बंद केलेस का ते. चार दिवसांत दोनदा विसरतेस. तेवढं मात्र यांच्यावर गेलीस.”

आई उठून स्वयंपाकघरात गेली. पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला. लेक दारापाशीच उभी होती, एक चप्पल पायात, एक हातात.

“हौद्यात रबर बसवलं आज,” तिने तिथूनच सांगितले. “दरवाजांना चरे पडतात म्हणून.”

“बरं केलंस. यांना किती जणांनी सांगितलं होतं.” आत गॅसची शेगडी पेटली. “उद्यापासून वळलीस की हॉर्न वाजव म्हणजे झालं.”

“वाजवीन.”

“नाहीतर नको,” आई आतून म्हणाली. “हॉर्न काय, सगळेच वाजवतात.”

तिने हातातली चप्पल पायात घातली. “दिवे बंद केलेत का बघून येते.”

दिवे बंदच होते. तिने फाळका आवाज न करता खाली सोडला आणि हौद्यात चढून चटईच्या कडेखाली बोटे घातली. रबर जड होते. सोल्यूशन तार धरत होते, पण सुटत होते. वाकून, दोन्ही हातांनी ओढत, तिने चटई त्या खोलगट जागेच्या पलीकडपर्यंत गुंडाळत नेली. तळवे काळे झाले. दम लागला.

मग ती उभी राहिली आणि टाच दाबली. पत्रा वाजला. एका चाकानंतर दुसरे चाक चढायला जितका वेळ लागतो तितकी ती थांबली आणि पुन्हा एकदा टाच दाबली.

दारावरचा दिवा लागला.