काढू की ठेवू?

पाल रबराची होती. मीच चिकटवली होती, कपाटाच्या आत, कारकुनासाठी. सकाळी तो चाव्या घेऊन येणार, किंचाळणार, माझा दिवस छान जाणार, एवढा साधा बेत. पण नेमका त्या दिवशी त्यानं पोट बिघडवून घेतलं आणि पाल मी साफ विसरलो. रायफल काढायला स्वतःच कपाटात हात घातला. बोटांना काहीतरी थंडगार, मऊ लागलं आणि मी अशी उडी मारली की रायफल हातातून निसटली. आधी लोखंडी बाकाच्या कडेवर आपटली, मग फरशीवर.

रिकामी होती, म्हणून जीव वाचला. नोकरी वाचेल असं वाटत नव्हतं. कारण रायफल आमच्या नेमबाजी क्लबच्या अध्यक्षांची होती. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, जुन्या अक्रोडाचा, मधासारख्या रंगाचा. 'तेल सुकलंय, जरा हात फिरवा, आठ दिवसांनी नेतो,' म्हणून ते विश्वासानं ठेवून गेले होते. आणि मी, क्लबचा मिस्त्री, दस्त्याला चांगला बोटभर खळगा पाडून बसलो होतो. त्याआधी माझ्याबद्दलच्या दोन तक्रारी त्यांच्यापर्यंत गेल्याच होत्या, दोन्ही चेष्टांच्याच. तिसरीला घरी बसवतो, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. घरी बसणं म्हणजे सासऱ्यांच्या समोर बसणं.

खळगा जाईपर्यंत घासावं म्हटलं, तर दस्ता तिथे चपटा दिसला असता. तरी पॉलिशपेपर घेतलाच होता हातात, तेवढ्यात मावशी आल्या. मावशी म्हणजे क्लबच्या इस्त्रीवाल्या. मागच्या खोलीत कोट, पडदे, झेंडे यांना इस्त्री करायच्या. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं उभ्यानं तेच काम. बोलणं कमी, पण बोलल्या की लागायचं.

त्यांनी खळग्यावरून अंगठा फिरवला. मग रबराची पाल उचलून पाहिली आणि त्यांना सगळं समजलं.

"मेल्या, लाकूड नुसतं दबलंय, तुटलं नाहीये. घासतोस कशाला? वाफ दे."

मी म्हटलं, मावशी, हा दस्ता आहे, कोटाची बाही नाही. त्या म्हणाल्या, घरचा पाट त्यांनी असाच बरा केला होता, आणि इस्त्री आणायला गेल्यासुद्धा.

मी टर्पेंटाइननं त्या जागेवरचं जुनं तेल काढलं. त्यांनी ओलं फडकं चौघडी करून खळग्यावर ठेवलं आणि इस्त्रीचं टोक टेकवलं. चर्र. उचललं. पुन्हा चर्र. पाचव्या वेळी फडकं बाजूला केलं, तर दबलेलं लाकूड फुगून वर आलेलं. मी त्यांच्या पायाच पडणार होतो. त्यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाल्या, आधी पाल फेक.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मला चढली. मावशी गेल्यावर इस्त्री गरमच होती. म्हटलं, अध्यक्षांना खूशच करू. दस्त्याची मान जिथे मुठीत येते, तिथे एक जुना, उथळ खळगा होता. तोही उठवला. मग आठवडाभर रोज जवसाच्या तेलाचा पातळ हात, तळव्यानं चोळून चोळून. दस्ता असा झाला की त्यात तोंड पाहून भांग पाडावा.

आठव्या दिवशी अध्यक्ष आले. मावशी कोट द्यायला तिथेच होत्या. अध्यक्षांनी रायफल हातात घेतली, मूठ आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. अंगठा दस्त्याच्या मानेवर इकडे तिकडे फिरत राहिला. अंधारात बटण शोधतात तसा.

"इथे एक खळगा होता," ते म्हणाले.

मला वाटलं, शाबासकी येतेय. मी हसलोसुद्धा.

"आमच्या हिनं एकदा मला द्यायला म्हणून उचलली, तर उंबऱ्यावर आपटली. फार बोललो मी तेव्हा तिला. मग पुढे अंगठा ठेवायला तीच जागा सोयीची पडली." त्यांचा अंगठा पुन्हा तिथेच गेला. "तिला जाऊन चार वर्षं झाली."

खोटं बोलण्यात माझा हात कुणी धरत नाही, पण तेव्हा साधी थापसुद्धा सुचली नाही. आणि मावशी पुढे झाल्या.

"साहेब, इस्त्री माझी आहे. माझ्याच हातून झालं."

ज्या बाईला तो खळगा ठाऊकही नव्हता, ती हे बोलत होती. तिचीही नोकरी त्याच माणसाच्या हातात होती. मग मात्र माझं तोंड उघडलं. पाल, उडी, बाक, फरशी आणि माझी ती हौस, सगळं ओकलो. अध्यक्षांनी पाल मागितली. ती अजून माझ्या खिशात होती, फेकवली नव्हती. त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली, परत दिली, आणि मला घरी बसवलं नाही. दाराशी जाऊन एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी विचारा."

त्या दिवसानंतर अध्यक्षांनी मावशींना दस्त्यांच्या कामावर घेतलं. बसायला खुर्ची मिळाली, ती त्यांनी पहिल्या दिवशी दोनदा पुसली. प्रत्येक खळग्याभोवती त्या खडूनं गोल काढायच्या आणि रायफलच्या मालकाला समोर बसवून एकेका गोलावर बोट ठेवायच्या. "हा काढू की ठेवू?" लोक आधी हसायचे, मग विचारात पडायचे. ठेवायचा असेल त्या गोलात त्या एक टिंब द्यायच्या. अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो. माझ्या चहात त्यांनी दोनदा मीठ घातलं, मी त्यांच्या चष्म्याला तेल लावलं. बरोबरी झाली नाही. ती होणारही नव्हती.

मागच्या थंडीत मावशी गेल्या. परवा नवे सचिव आले, त्यांना सगळं चकचकीत हवंय. मावशींच्या टेबलावर इस्त्री टेकायच्या जागी काळा, त्रिकोणी डाग आहे. यावर रंधा मारून घ्या मिस्त्री, म्हणाले. मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, साहेब, ते वाफेचं अधिकृत माप आहे, रंधा मारला तर तपासणीत अडकू. त्यांनी वहीत लिहूनही घेतलं.

ते गेल्यावर मी खडू घेतला. डागाभोवती गोल काढला आणि आत एक टिंब दिलं.