गेळेयर बळगाचा दोर

मित्रांनो, मी काथ्याचा एक जुना दोर आहे. तीन पेडांचा, दोन बोटं जाड, साठ हात लांब. विहिरीत उतरणाऱ्या माणसाच्या कमरेला मला बांधतात. हे काम मी सतरा वर्षं केलं आणि खरं सांगायचं तर सतरा वर्षं भीत भीतच केलं.

खाडीच्या चिखलात कुजत ठेवलेल्या नारळाच्या सोडणांतून माझा काथ्या निघाला. बायकांनी तो बडवला, सुकवला, मांडीवर वळला. मला पीळ देताना त्यांतली एक म्हातारी सारखी म्हणत होती, "घट्ट वळा गं. ह्याला कोण लटकणार आहे, आपल्याला ठाऊक नाही." तोवर मला वाटत होतं, आपण होडीला बांधले जाऊ किंवा गाडीवर गवत आवळायला जाऊ. माणूस लटकणार हे ऐकलं आणि मी हादरलो.

मला विकत घेतलं ते मुंडबैल गावच्या 'गेळेयर बळगा'ने. कानडीत म्हणजे मित्रांच्या मेळ्याने. त्याच्या महिनाभर आधी गावात एक बाई पाणी काढताना विहिरीत पडली होती. लोक दोरासाठी घरोघर धावले. एका घरी गाईचं दावं मिळालं, दुसऱ्या घरी कपडे वाळत घालायची दोरी. तोवर व्हायचं ते होऊन गेलं. त्याच आठवड्यात चौदा मित्रांनी बळग काढला. खुर्च्या, कपाट, दारावरचा फलक हे सगळं नंतर आलं. पहिला आलो मी.

ह्या चौदा जणांत पुजारी आडनावाचा शीना आणि मोनप्पा हे दोघे लहानपणापासूनचे दोस्त. शीना माडावर चढून माडी काढणारा, अंगाने सडपातळ, जिभेने तिखट. मोनप्पा कौलांच्या कारखान्यात कामाला, जाडजूड आणि मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. विहिरीत उतरायचा तो शीना आणि वर मला धरायचा तो मोनप्पा. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण कधी बदललंही नाही. दर उन्हाळ्यात बळगाची माणसं म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या, एकट्या बायकांच्या विहिरींतला गाळ काढून देत. कुणाचं वासरू पडलं, कुणाची घागर बुडाली, की हाक बळगाला.

काम झालं की मोनप्पा मला सावलीत वाळवायचा. मग मांडी घालून बसायचा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मला बोटांतून सोडायचा. हातभर अंतरावर पीळ उलटा फिरवून पेड उघडायचा आणि आतला काथ्या बघायचा. शीना हसायचा. "अरे, बायकोच्या डोक्यातल्या उवासुद्धा एवढ्या निगुतीने कुणी बघत नाही."

"तू लटकतोस. मी बघतो," मोनप्पा म्हणायचा.

एका पावसाळ्यात लॉरेन्स नावाचा पोस्टमन कठडा नसलेल्या विहिरीत पडला. त्याला मी वर आणलं. त्या वर्षी नवरात्रातल्या आयुधपूजेला मला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला, लॉरेन्सने माझ्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. लोक म्हणत होते, काय मजबूत दोर आहे. मी मनात म्हणत होतो, पुन्हा असं नको. भिजलेल्या माणसाचं ओझं काय असतं, ते हारवाल्यांना ठाऊक नव्हतं.

मग बळगाच्या एका सभेत विपरीत घडलं. मोनप्पाची पन्नाशी उलटली होती, त्याचे हात थोडे थरथरायला लागले होते. शीनाने भर सभेत सांगून टाकलं, "मोनाचा हात आता थरथरतो. दोर धरायला दुसरा माणूस बघा."

त्याच्या मनात काळजी होती. पण तीसेक माणसं बसली होती आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. मोनप्पा उठला, चप्पल पायात घातली आणि गेला. पुन्हा दोन वर्षं बळगाची पायरी चढला नाही. शीनाही त्याच्या घरी गेला नाही. "मी काय खोटं बोललो?" असं तो म्हणायचा आणि ते म्हणताना दुसरीकडे बघायचा.

त्या दोन वर्षांत मला कुणी उलगडून पाहिलं नाही. गोकुळाष्टमीला मला घेऊन रस्सीखेच खेळले. मांडवाला बांधलं. मी ओला असतानाच मला बळगाच्या खोलीत टेबलाखाली ढकललं आणि वर टेबलावर लाउडस्पीकरची जुनी बॅटरी ठेवली. तिच्यातलं आम्ल एका बाजूने गळत होतं. रात्रंदिवस ते माझ्या एकाच जागी टपकत राहिलं. आतला काथ्या पहिल्यांदा जळजळला, मग बधिर झाला, मग त्याचा भुसा झाला. वरून मात्र लालसर डाग तेवढा दिसत होता, जांभ्याच्या चिखलासारखा.

आणि एप्रिलमध्ये मला बाहेर काढलं.

वारिजक्काच्या विहिरीचा गाळ काढायचा होता. वारिजक्का विधवा, अंगणात बसून विड्या वळणारी. विहीर तीस हात खोल, जांभ्या दगडात खोदलेली. माणसांनी आधी कंदील खाली सोडून पाहिला, तो विझला नाही, म्हणजे खाली हवा होती. मग दोघांनी मला दोन्हीकडून ओढून बघितलं. मी टिकलो. "घट्ट आहे," एकजण म्हणाला. मला ओरडावंसं वाटत होतं. दोघांनी झटका देणं वेगळं आणि एक माणूस अंतराळी तोलून धरणं वेगळं.

शीनाने मला कमरेला आणि मांड्यांना बांधलं. कप्पीवरून मला हळूहळू सोडत गेले. तो भिंतीतल्या खोबण्यांत पाय रोवत उतरला, त्यामुळे त्याचा भार माझ्यावर जवळजवळ आलाच नाही. मी जरा सावरलो. पंपाने पाणी उपसत होते, पातळ दोरीवरून गाळाच्या टोपल्या वर येत होत्या. तासभर सगळं सुरळीत चाललं.

मग भिंतीतला एक दगड सुटला. तो शीनाच्या उजव्या खांद्यावर आदळला आणि पुढे पंपाचा पाइप फोडून गाळात रुतला. खालून शीनाचा आवाज आला, "हात उचलत नाही. चढता येणार नाही. वर घ्या."

खाली झरा मोकळा झाला होता. पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं. भिंतीतून माती गळत होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाला उतरवायची सोय नव्हती. अग्निशामक दलाची गाडी यायला दीड तास लागला असता. मला ओढण्यावाचून मार्ग नव्हता. आणि तो लाल डाग नेमका कप्पीच्या अलीकडे, कप्पी आणि ओढणाऱ्यांचे हात ह्यांच्यामध्ये येऊन थांबला होता. सहा जणांनी मला धरलं. मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात जेवढा काथ्या शाबूत होता तेवढा थरथरत होता.

"थांबा," वारिजक्का म्हणाली.

ती कठड्याजवळ उभी होती. तिने तो डाग दोन बोटांत चुरगाळला. जन्मभर तेंदूची पानं चाचपलेली बोटं ती. "हा चिखल नाही. चिखल असता तर निघाला असता."

"अक्का, पाणी चढतंय. बाजूला व्हा."

"चढू दे. मोनप्पण्णाला दाखवल्याशिवाय ओढाल तर ह्या कठड्यावर मी आडवी पडेन." आणि ती पदर खोचून सुपारीच्या बागेतून धावत सुटली. मोनप्पाचं घर बागेपलीकडेच होतं.

तो आला तेव्हा शीना कमरेपर्यंत पाण्यात होता. मोनप्पाने मला हातात घेतलं. दोन वर्षांनी ती बोटं माझ्यावर फिरली. ती थरथरत होती, पण त्यांना सगळं आठवत होतं. त्याने डागापाशी पीळ उलटा फिरवला, पेड उघडला आणि आतून तपकिरी भुसा त्याच्या पायांवर पडला.

ज्यांनी मला ओढून बघितलं होतं, त्यांतला एकजण खालीच बसला.

"कप्पीकडची बाजू धरून ठेवा. कोयता द्या," मोनप्पा म्हणाला.

त्याने माझा तेवढा तुकडा कापून टाकला. मला फार दुखलं नाही, ती जागा मेलेलीच होती. मग माझी दोन चांगली टोकं त्याने एकमेकांत गुंतवली आणि पायाने दाबून गाठ आवळली. एकदा हात थरथरून टोक सुटलं. त्याने पुन्हा सुरुवात केली. पाणी शीनाच्या छातीला लागलं.

"वर काय चाललंय?" शीनाने विचारलं. आवाज बारीक झाला होता. "दोर कुणी धरलाय?"

"मी," मोनप्पा म्हणाला.

खाली शीनाने डाव्या हाताने मला घट्ट धरलं.

"मोना, हात थरथरतो का रे अजून?"

"थरथरतो. पण सोडणार नाही."

"मग घे वर," शीना म्हणाला.

सात जणांनी ओढलं. सगळा भार माझ्यावर आला. शीना आणि त्याच्या कपड्यांतलं पाणी, दोन्ही. गाठ करकरली, आवळली, आणखी आवळली. मी तीसच्या तीस हात मोजले, दर हाताला वाटलं की आता गेलो. मग कठड्यावर त्याचं डोकं दिसलं आणि वारिजक्काने त्याच्या डाव्या बगलेत हात घातला.

शीना अंगणात पडून होता. मोनप्पा त्याच्या कमरेची गाठ सोडत होता, पण बोटांना ती सुटेना.

"मोना, त्या सभेत मी जे..."

"आधी कांजी पी," मोनप्पा म्हणाला. "वारिजक्काने चूल पेटवलीय."

शीनाचा खांदा मोडला होता. सहा महिन्यांनी तो बरा झाला, पण माडावर चढणं कायमचं सुटलं. आता बळगाने नवा दोर घेतला आहे आणि माझ्याकडे घागरी काढायचं काम उरलं आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मोनप्पा आणि वारिजक्का नव्या सभासदांना पेड उघडून आत बघायला शिकवतात. शीना बाजूला बसून टोमणे मारतो. ती बॅटरी भंगारात गेली.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादं मंडळ असेल, आणि त्याच्या खोलीत असाच एखादा दोर, शिडी किंवा स्ट्रेचर कुठल्यातरी सामानाखाली पडून असेल. कधीकाळी कुणीतरी ते मायेने आणलेलं असेल. ते सामान बाजूला करा. वरवर पाहू नका, उलगडून आत पाहा. आणि त्याची निगा राखणारा जो माणूस रागावून घरी बसला आहे, त्याला बोलावून आणा. उद्याच जा. कुणी खाली उतरायच्या आधी जा.