विमान उतरेपर्यंत

"ठेव तो झाडू खाली, शालू!" कुंताबाई दारातूनच ओरडली. "पोरगा अजून आभायात आहे माहा."

मदतीला आलेली शेजारची शालूबाई झाडू धरून तशीच उभी राहिली. घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही रीत तिलाही ठाऊक होती. पण ती रीत वर्धा-नागपूरच्या मापाची. श्रीधर नागपूरच्या कॉलेजात होता तेव्हा त्याची गाडी तिकडे पोचायची वेळ झाली की कुंताबाई झाडू उचलायची. या खेपेला गडी निघाला थेट लंडनला, दोन वर्षांच्या शिक्षणासाठी. गुरुवारी घर सोडलं, शनिवारी दुपारी दोनला मुंबईहून विमान, आणि आज रविवार.

"उकिरडा झाला न घराचा, मावशी," शालूबाई म्हणाली. "विलायतेतून कोन पाहून राह्यलं?"

कुंताबाईनं तिच्या हातून झाडू काढून कोपऱ्यात ठेवला. तिचा जीव कशातच लागत नव्हता. वांगी तोडायला गेली ती अर्धी टोपली घेऊन परतली, चुलीवरचं वरण लागलं. शेवटी ती तरातरा नरहर मास्तरांकडे निघाली. कालपासूनची ही सहावी खेप.

मास्तर शाळेत भूगोल शिकवत. स्वतः कधी भुसावळच्या पलीकडे गेले नव्हते, पण पृथ्वीच्या गोलावर दोरा धरून त्यांनी अंतर काढलं होतं. साडेचार हजार मैल. मधले कैरो-जिनिव्हाचे थांबे धरून त्या काळच्या विमानाला चोवीस तास. तिकडची घड्याळं मागं असतात हे त्यांनी तिला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा हात टेकले.

"पोचला असन का, मास्तर?"

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दोन वाजले. उतरला तुमचा श्रीधर! आता खुशाल केर काढा."

कुंताबाईनं तिथूनच देवाला हात जोडले. घरी येऊन पदर खोचला, झाडू घेतला आणि खाटेपाशी येऊन थबकली. खाली भुईमुगाच्या शेंगांची टरफलं पडली होती. निघायच्या घटकाभर आधी श्रीधर तिथं बसून शेंगा खात होता. "विलायतेत जाऊन राह्यला, तरी टरफलं खालीच टाकतं का रे?" म्हणून ती त्याच्यावर खेकसलीही होती.

तिला एकदम भडभडून आलं. इतके दिवस पोरगा वाटेवर होता. वाटेवरचं माणूस अजून थोडं आपलं असतं. आता केर काढला की तो तिकडचा झाला.

ती पुन्हा मास्तरांच्या दारात उभी राहिली.

"मास्तर, ते इमान मधात अखीन कुठं थांबत नाई का?"

मास्तरांनी तिचे डोळे पाहिले. पोरांना एक मैल इकडचा तिकडे न करू देणारा हा माणूस. त्यांनी गोल पुढं ओढला, दोरा धरला आणि पुन्हा मोजलं.

"रोम धरायचं राहिलंच की माझ्याकडून," ते म्हणाले. "आज नका काढू केर."

कुंताबाई घरी आली. झाडू कोपऱ्यात ठेवून खाटेखालच्या टरफलांजवळ जमिनीवर बसली.

"पोचला का, मावशी?" शालूबाईनं दारातून विचारलं.

"नाई व, अजून नाई."