रक्त धुणारं यंत्र

दुम्यात शहराच्या डायलिसिस वॉर्डात उस्ताद वगदी शनिवार, सोमवार, बुधवार चार-चार तास यंत्राला जोडलेले असत. निवृत्त मास्तर, आणि पाच कादंबऱ्यांचे लेखक. पाचही कादंबऱ्यांत यंत्रं माणसाला गिळून टाकत. ज्या यंत्राने सहा वर्षं जिवंत ठेवलं त्याच्याच शेजारी बसून हे गृहस्थ त्याची बदनामी लिहीत. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

शेजारच्या खुर्चीत इन्शिराह खाला असे. मासळी विकण्यात हयात गेलेली, निरक्षर, जिभेला हाड नसलेली. ती यंत्राला सूनबाई म्हणे. घरच्या तिन्ही सुनांनी मिळून केली नाही एवढी सेवा ही एकटी करते, असं येईल त्याला ऐकवी. उद्या याहून लहान यंत्र निघेल, परवा ते घरी नेता येईल, मग आपण पुन्हा बाजारात बसू, हा तिचा भविष्यकाळ. उस्ताद हसत. स्वस्त आशा पोरासोरांसाठी असते, म्हणत.

त्या हिवाळ्यात अत्वा आला. पलंग-खुर्च्यांवर नक्षी कोरणारा कारागीर, सुई बघूनच पांढरा पडणारा. वेळ जावा म्हणून खालाने उस्तादांना काहीतरी वाचायला सांगितलं. उस्तादांनी स्वतःची कादंबरी काढली. तीत रक्त धुणारं यंत्र आधी माणसाचा राग धुऊन नेतं, मग आठवणी, आणि शेवटी माणूस बायकोलाही ओळखत नाही. पुढच्या चारही खेपांना हे वाचन चाललं. शेवटी अत्वाने विचारलं, हे खरंच होतं का? उस्तादांना त्या प्रश्नाने गुदगुल्या झाल्या.

"लेखक उगाच लिहीत नाही, बाबा," ते म्हणाले.

पुढच्या वेळी अत्वा आला नाही. त्यानंतरही नाही. नर्स घरी जाऊन आली, त्याने दार उघडलं नाही. अकराव्या दिवशी तो गेला.

बातमी कळली तेव्हा खाला उस्तादांना एवढंच म्हणाली, "मी जन्मभर मासळी विकली. कुजलेली ताजी म्हणून एकदाही नाही विकली."

चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकून अत्वाची बायको सनिय्या वॉर्डात आली. उस्ताद शिव्या खायच्या तयारीत बसले. पण ती आभार मानायला आली होती.

"तुम्ही लिहिलंय तसंच झालं," ती म्हणाली. "शेवटचे दोन दिवस त्यांनी मला ओळखलंच नाही. पाच वेळाच बसले होते या मशीनवर, तर एवढं. तुम्ही सावध केलं नसतं तर काय झालं असतं?"

मागे तिचा दीर रिज्क उभा होता. रोग घराण्यातलाच, त्याचीही मूत्रपिंडं गेली होती आणि आजपासून बसायला सांगितलं होतं. त्यालाही ते पुस्तक वाचून दाखवा, तो तरी वेळीच घरी येईल, अशी तिची विनंती होती.

उस्तादांनी खरं सांगितलं तर या बाईजवळ उरलेलं एवढंसं समाधान जाणार होतं. न सांगितलं तर दीर जाणार होता.

"सांगा," खाला म्हणाली. "नीट सांगा. पुस्तकी नको."

"पुस्तक खोटं आहे," उस्ताद म्हणाले. "मीच रचलं. त्याने तुला ओळखलं नाही ते मशीनमुळे नव्हे, मशीन सोडल्यामुळे. रक्तातली घाण डोक्यात चढली. मी सहा वर्षं इथे बसतोय, मला सगळं आठवतं."

सनिय्याने विचारलं, "म्हणजे ते जगले असते?"

देवाची मर्जी, हे शब्द उस्तादांच्या ओठांपर्यंत आले. तिथेच त्यांनी ते गिळले. आयुष्यात एवढं एक चांगलं काम त्यांच्या हातून झालं.

"हो," ते म्हणाले.

तिने दिराला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि सुई टोचेपर्यंत सोडलं नाही.

रिज्कला आता तीन वर्षं झाली. लग्न झालं, मुलगी झाली. सनिय्या दर सोमवारी त्याच्यासोबत येते, उस्ताद सोडून सगळ्या वॉर्डाला सलाम करते. उस्तादांनी लिहिणं बंद केलं. नवा घाबरलेला पेशंट आला की नर्स त्याला मुद्दाम त्यांच्याजवळ बसवते आणि अत्वा कसा मेला ते सांगायला लावते. सनिय्या तिथे असली तरी त्यांना ते सांगावंच लागतं. ती शेवटपर्यंत उभी राहून ऐकते आणि एखादी गोष्ट गाळली तर आठवण करून देते.