वर गेलेलं शिंकं

मी शिंकं बोलतंय. बडनेऱ्याजवळ भाजीपाला पिकवणाऱ्या एका घरात चुलीच्या बाजूला लटकतंय. सरकार इंग्रजाचं, पण या घरात राज्य पार्बताबाईचं.

तिच्या नवऱ्यानं, नत्थुजीनं, अंबाडीची दोरी वळून मला केलं. नव्या नवरीला खाली उभं केलं आणि तिचा हात पोचेल अशी आढ्याला गाठ मारली.

माझ्यात दह्याचं गाडगं असे. घरची रीत अशी, की सुनेनं स्वतःच्या हातानं दही घ्यायचं नाही. पुरुष जेवले, पोरं जेवली, की पार्बताबाई गाडगं विसळून ते पाणी भाकरीवर ओतून घ्यायची. आठ लेकरं तिनं अशीच पोसली. अंगावर पाजलं ते दूध आलं कुठून, हे कोणी विचारलं नाही.

नत्थुजी गेला. मुलाची, सहदेवाची, बायको शकुन घरात आली. एक दिवस पार्बताबाईनं हात वर केला, तर गाडगं लागेना. टाचा उचलल्या, तोल गेला, हात टेकून नुसती खाली बसली आणि मनगट मोडलं.

शेजारची मैनाबाई हाडं बसवायची. ती मनगटाला बांबूच्या कामट्या बांधत होती आणि पार्बताबाई ओरडत होती, "या अवदसेनंच शिंकं वर बांधलं! म्या दही खाऊ नये म्हून! सहद्या, उद्याच इले मायेरी नेऊन घाल."

शकुन पोटुशी होती. "म्या हात नाही लावला वो, आत्याबाई."

सहदेवानं शिडीवर चढून गाठ चाचपली. "माय, गाठ बाबाच्याच हातची हाय. धुरानं दगड झाली. कोनी सोडलीच नाही."

"मंग शिंकं वर गेलं कसं?"

"शिंकं कायले जाते वो!" मैनाबाई म्हणाली. "तूच खाली आली. पाठ पाह्य तुयी. तुया मायची बी अशीच वाकली होती. लेकराईले पाजलं, अन् सोता खाल्लं इसळलेलं पानी. मंग हाडात काय उरते?"

 पार्बताबाई शकुनच्या पोटाकडे बघत राहिली.

"सहद्या, काप ते गाठ. हातभर दोरी जोड." मग सुनेवर डाफरली, "तू काय पाहून राहिली? वाटी घे. माह्यासमोर दही खाय."

"तुमी घ्या ना आधी."

"मले आता काय होते त्यानं?" डोळे पुसत ती म्हणाली. "बरं, आन. दोघी खाऊ."

आता मी इतकं खाली आलंय, की मांजर रोज तोंड घालायला येतं. पार्बताबाई काठी आपटते, शिव्या देते, पण मला हलवू देत नाही.

बायांनो, मांजर हाकला. मला वर बांधू नका.